किती खोल खणायचं? : तांब्याची खनिजं आणि सूक्ष्मदर्शक

आजचा विषय नावावरून रुक्ष वाटेल, म्हणून सुरुवात चहाच्या टपरीपासून करतो.

माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं मध्य भारतातल्या एका तांब्याच्या खाणीजवळ गेली. फाटकाबाहेर एका गृहस्थांची टपरी होती. त्यांचा मुलगा नुकताच ठेकेदाराकडे कामाला लागला होता. त्यांच्या लेखी मी म्हणजे ‘दगड बघणारे साहेब’. एकदा पेला हातात देताना त्यांनी विचारलं, “साहेब, अजून किती वर्षं निघेल हो तांबं?” मी हसून म्हणालो, “भरपूर.” खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. पण त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर दगडाचे बारा छोटे तुकडे होते, आणि त्यांच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर त्या तुकड्यांत होतं. ते मी चुकीचं वाचलं. कसं, ते शेवटी सांगतो. आधी हे बघू, की दगडाच्या नखाएवढ्या तुकड्यात खाणीचं भविष्य वाचता येतं हे माणसाला कळलं कसं आणि कधी.

प्रकाश आरपार जात नाही तेव्हा

खडक सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धत इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या माणसाने रूढ केली. शेफिल्ड म्हणजे चाकू-सुऱ्यांचं, पोलादाचं गाव. सॉर्बी घरचा सुखवस्तू होता. त्याला नोकरीची गरज नव्हती आणि कुतूहल अफाट होतं. 1849 च्या सुमारास त्याने खडकाचा पापुद्रा घासून घासून इतका पातळ केला की त्यातून प्रकाश आरपार जाऊ लागला. आज आपण हा काप 0.03 मिलिमीटर जाडीचा करतो. म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. एवढा पातळ केला की काळाकभिन्न बेसाल्टसुद्धा काचेसारखा दिसतो आणि त्यातलं एकेक खनिज ओळखता येतं. 1858 साली त्याचा या विषयावरचा मोठा निबंध छापून आला. डोंगर बघायला सूक्ष्मदर्शक कशाला, अशी तेव्हा त्याची चेष्टाही झाली.

पण यात एक अडचण होती. तांबं, शिसं, लोखंड यांची जी गंधकयुक्त खनिजं असतात, ज्यांना आपण सल्फाइड म्हणतो, त्यांतली बहुतेक अपारदर्शक असतात. कितीही घासा, प्रकाश आरपार जात नाही. पातळ कापात ती नुसते काळे डाग म्हणून दिसतात. गंमत बघा. ज्या खनिजांसाठी माणूस खाण खणतो, नेमकी तीच या नव्या साधनाला दिसत नव्हती. भोवतीचा निरुपयोगी दगड मात्र लख्ख दिसत होता.

यातून बाहेर पडायचा रस्ताही सॉर्बीनेच दाखवला होता, पण तो खडकांसाठी नव्हता. 1863-64 मध्ये त्याने पोलादाचा तुकडा आरशासारखा घोटला, त्यावर सौम्य आम्लाचा हात फिरवला आणि वरून प्रकाश पाडून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. प्रकाश आरपार जात नसेल तर पृष्ठभागावरून उलटून येणारा प्रकाश बघायचा, इतकी साधी ही कल्पना. पोलादाच्या अंगातले कण त्याला दिसले. धातुशास्त्राची एक शाखाच तिथून सुरू झाली, तरी कारखानदारांनी तिची दखल घ्यायला आणखी वीसेक वर्षं गेली.

भूविज्ञानात ही पद्धत यायला तर चाळीस वर्षं लागली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम कॅम्पबेल नावाचे धातुशास्त्रज्ञ होते. पोलाद घोटून बघणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी तीच रीत धातुकांना लावली. धातुक म्हणजे ओअर, ज्या दगडातून धातू काढायचा तो. 1906 साली ‘इकॉनॉमिक जिऑलॉजी’ या नुकत्याच सुरू झालेल्या नियतकालिकात अपारदर्शक खनिजांच्या सूक्ष्मदर्शी तपासणीवर त्यांचा लेख आला. इतिहासात असं पुष्कळदा होतं. एका घरातलं साधन शेजारच्या घरात जायला अर्धं शतक लागतं, कारण मधे भिंत असते आणि दोन्ही घरांना वाटतं, आपलं काम वेगळं.

झिलईखाली काय दिसतं

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो. दगडाचा तुकडा हिऱ्याच्या पात्याने कापायचा. तो राळेत, म्हणजे रेझिनमध्ये बसवायचा. मग कार्बोरंडमच्या भुकटीवर घासायचा, आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटी कापडावर अ‍ॅल्युमिना किंवा हिऱ्याची लुकणी लावून घोटायचा. हे हाताचं काम आहे. घाई केली की मऊ खनिजं खचतात, कठीण खनिजं उंचवट्यासारखी वर राहतात, आणि सगळं पुसट दिसतं. चांगली झिलई झाली की तुकड्यात तोंड दिसतं.

मग सूक्ष्मदर्शकात वरून प्रकाश पाडायचा. पहिल्यांदा बघणारा थक्क होतो. हातात जो दगड नुसता करडा, थोडा चमचमणारा दिसत होता, त्यात रंगांची पेठ भरलेली असते.

पितळी पिवळं दिसतं ते कॅल्कोपायराइट. तांबं, लोखंड आणि गंधक यांचं हे संयुग. जगातलं पुष्कळसं तांबं याच्यातून येतं. आपल्या आयुर्वेदाच्या आणि रसशास्त्राच्या ग्रंथांत ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात, ते हेच. त्यातून तांब्यासारखं सत्त्व निघतं हे आपल्या रसवैद्यांनी लिहून ठेवलेलं आहे. यात वजनाने सुमारे 35 टक्के तांबं असतं.

फिकट पिवळसर पांढरं आणि भोवतालच्या सगळ्यांपेक्षा कठीण ते पायराइट. यात तांबं नाही, फक्त लोखंड आणि गंधक.

गुलाबी तपकिरी ते बोर्नाइट. यात तांबं 63 टक्के. याची एक खोड आहे. आज झिलई केली आणि चार दिवसांनी बघितलं, तर रंग जांभळटलेला असतो. नवशिका गोंधळतो की हे वेगळं खनिज कुठून आलं.

निळसर पांढरं ते कॅल्कोसाइट, यात तांबं जवळजवळ 80 टक्के. आणि गर्द निळं ते कोव्हेलाइट, 66 टक्के. कोव्हेलाइट कुणीही एकदा पाहिलं की विसरत नाही. सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवला की त्याची निळाई गडद-फिकी होत राहते, आणि ध्रुवित प्रकाशात, दोन ध्रुवक आडवे लावले की, ते निखाऱ्यासारखं केशरी पेटतं.

नुसत्या रंगावर मात्र विसंबता येत नाही. मग कठीणपणा बघायचा. मंच किंचित खाली नेला की दोन खनिजांच्या सीमेवर एक उजळ रेघ सरकते, ती मऊ खनिजाकडे जाते. मग रसायनांचे थेंब. नायट्रिक आम्ल, फेरिक क्लोराइड, पोटॅशियम सायनाइड असे ठरावीक. कुठला थेंब कुठल्या खनिजाला काळं करतो, कुठल्याला नाही, याचे तक्ते तयार झाले. जोसेफ मर्डॉक यांचं 1916 चं पुस्तक हा अशा तक्त्यांचा पहिला मोठा ग्रंथ. पुढे जर्मनीत श्नायडरह्योन आणि पॉल रामडोर यांनी हे शास्त्र फार पुढे नेलं. रामडोर यांचा धातुकांच्या खनिजांवरचा जाडजूड ग्रंथ 1950 मध्ये आला, आणि आमच्या पिढीने त्याच्या इंग्रजी भाषांतराची पानं अक्षरशः झिजवली.

पण खनिज ओळखणं ही निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी म्हणजे कोण आधी आलं आणि कोण नंतर. एखाद्या कणाच्या कडेने आणि भेगांतून दुसरं खनिज आत शिरलेलं दिसलं, तर शिरलेलं ते नवं, आणि मधे बेटासारखं उरलेलं ते जुनं. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदी वाचाव्यात तसं हे आहे. जमीन तीच, नाव बदलत जातं, आणि नीट बघितलं तर जुन्या मालकाची खूण कुठेतरी राहिलेली असते.

ब्यूटची टेकडी

ही नोंद वाचण्यावर कोट्यवधी डॉलर अवलंबून आहेत, हे जगाला कळलं ते अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यात, ब्यूट या गावी.

तिथली अ‍ॅनाकोंडा खाण मार्कस डेली याने चांदीसाठी घेतली होती. 1882 च्या सुमारास काही शे फूट खोलीवर कॅल्कोसाइटचा जाड पट्टा लागला. 80 टक्के तांब्याचं खनिज! त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. विजेच्या तारांना तांबं हवं होतं आणि तांबं ब्यूटच्या टेकडीखाली होतं. पुढे तिला पृथ्वीवरची सर्वांत श्रीमंत टेकडी म्हणू लागले.

मग प्रश्न आला तोच, टपरीवाल्यांचा. किती खोलवर आहे हे?

1900 च्या आसपास एमन्स, वीड, व्हॅन हाइस या अमेरिकी भूवैज्ञानिकांनी एक विचार मांडला. त्याला आज आपण दुय्यम समृद्धीकरण म्हणतो. तो समजायला सोपा आहे. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला मोरचूद माहीत असतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्यात विरघळणारं निळं तांबं. हे मोरचूद निसर्गही बनवतो. पावसाचं पाणी आणि हवा जमिनीतल्या पायराइटपर्यंत पोचली की पायराइट सडतं आणि त्यातून गंधकाचं आम्ल तयार होतं. ते आम्ल तांब्याच्या खनिजांतलं तांबं विरघळवून खाली घेऊन जातं. वर उरतो गंजलेला, तांबूस, सच्छिद्र दगड. खाली पाण्याच्या पातळीपाशी हवा संपते. तिथे हे तांब्याचं पाणी कॅल्कोपायराइटला भेटतं. खनिजातलं लोखंड पाण्यात जातं आणि पाण्यातलं तांबं खनिजात बसतं. 35 टक्क्यांच्या खनिजाचं 66 टक्क्यांचं कोव्हेलाइट होतं, मग 80 टक्क्यांचं कॅल्कोसाइट. लाखो वर्षं असंच चाललं की वरच्या शेकडो फुटांतलं तांबं एका थरात गोळा होतं. दुधावर साय धरावी तसं, फक्त ही साय वर न येता खाली जमते.

या विचाराचा सरळ अर्थ खाणमालकांना झोप उडवणारा होता. कॅल्कोसाइट जर वरून झिरपलेल्या पाण्याने केलेलं असेल, तर पाणी जिथवर गेलं तिथेच ते संपणार. खाली राहणार गरीब दगड.

पण ब्यूटला खाणी खोल जात राहिल्या, आणि कॅल्कोसाइट येतच राहिलं. हजार फूट, दोन हजार फूट. पावसाचं पाणी इतक्या खोल कसं जाईल? अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या भूविज्ञान विभागाचे रेनो सेल्स यांनी 1914 मध्ये ब्यूटवर मोठा लेख लिहिला, त्यात खोलीवरचं बरंचसं कॅल्कोसाइट मूळचंच आहे असं मांडलं. म्हणजे ते खालून आलेल्या उष्ण द्रवातून बनलं, वरून आलेल्या थंड पाण्यातून नव्हे.

डोळ्यांना दोन्ही कॅल्कोसाइट सारखीच. रासायनिक पृथक्करणातही सारखीच. प्रयोगशाळा म्हणणार, तांबं 80 टक्के, गंधक 20 टक्के, बस्स. मग निवाडा कुणी करायचा? इथे सूक्ष्मदर्शक पुढे आला. हार्वर्डमध्ये एल. सी. ग्रॅटन यांनी, खाणकंपन्यांनी दिलेल्या पैशावर, समृद्धीकरणाचा पद्धतशीर तपास सुरू केला. 1913 मध्ये ग्रॅटन आणि मर्डॉक यांचा तांब्याच्या सल्फाइड धातुकांवरचा सूक्ष्मदर्शी अभ्यास प्रसिद्ध झाला. वरच्या थरातल्या तुकड्यांत कॅल्कोसाइट भेगा-भेगांतून, कडा-कडांनी दुसऱ्या खनिजांना कुरतडत गेलेलं दिसे. खोलवरच्या तुकड्यांत मात्र ते बोर्नाइट आणि एनर्जाइट यांच्याशी गुळगुळीत सीमांनी, शेजाऱ्यासारखं नांदताना दिसे.

1915 मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतून आणखी एक पुरावा आला. कॅल्कोसाइटच्या स्फटिकांची रचना 91 अंश सेल्सिअसला बदलते, असं पोझन्याक, ॲलन आणि मर्विन यांनी दाखवलं. नंतरच्या मोजणीत तो आकडा 103 च्या आसपास आला. गरम असताना बनलेलं कॅल्कोसाइट थंड झालं तरी कधीकधी त्याच्या अंगावर जुन्या रचनेच्या खुणा उरतात, आणि आम्लाचा हात फिरवला की त्या दिसतात.

निकाल असा, की दोन्ही पक्ष अंशतः बरोबर होते. ब्यूटला दोन प्रकारचं कॅल्कोसाइट होतं. वरचं बरंचसं पाण्याने केलेलं आणि खालचं मूळचं. त्यामुळे खोल खणण्यात अर्थ होता. तिथे भूमिगत खाणकाम आणखी कित्येक दशकं चाललं.

जे एक वाटलं ते अनेक निघालं

हा इतिहास सूक्ष्मदर्शकाच्या विजयाची गोष्ट म्हणून सांगता येईल, पण तसं सांगणं खरं होणार नाही. त्याच सूक्ष्मदर्शकाने लोकांना फसवलंही आहे.

ज्याला सगळे कॅल्कोसाइट म्हणत होते, ते क्ष-किरणांनी तपासल्यावर एक राहिलं नाही. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला डायजेनाइट हे वेगळं खनिज असल्याचं क्ष-किरणांनी पक्कं झालं. 1962 मध्ये ज्युर्लेआइट, 1969 मध्ये जपानमधल्या आनी खाणीच्या नावावरून अनिलाइट. सगळी निळसर करडी, सगळ्यांत तांबं आणि गंधक, फक्त प्रमाणात किंचित फरक. जुन्या प्रबंधांतलं ‘कॅल्कोसाइट’ आज वाचताना मनात प्रश्नचिन्ह ठेवावं लागतं.

दुसरं उदाहरण. जस्ताच्या खनिजात, स्फॅलेराइटमध्ये, कॅल्कोपायराइटचे बारीक बारीक ठिपके सापडतात, देवीच्या वणांसारखे. अनेक दशकं पुस्तकांत असं होतं, की गरम असताना तांबं जस्ताच्या खनिजात विरघळलेलं होतं आणि थंड होताना ते ठिपक्यांच्या रूपाने बाहेर पडलं. मग प्रयोग झाले. कळलं की स्फॅलेराइटमध्ये एवढं तांबं विरघळूच शकत नाही. ठिपके नंतरच्या द्रवांनी केलेले असणार. पॉल बार्टन यांनी या खोडीला कॅल्कोपायराइटचा रोग असं नाव दिलं, ते रूढ झालं. चित्र तेच राहिलं, फक्त त्याची गोष्ट चुकीची लावली गेली होती.

आपल्याकडे

भारतात तांब्याचे तीन मोठे पट्टे. राजस्थानात खेतडी, झारखंडात सिंहभूम आणि मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड. खेतडीच्या परिसरात तांबं काढण्याची परंपरा चार-साडेचार हजार वर्षं मागे जाते. गणेश्वर संस्कृतीची माणसं तिथे तांब्याची अवजारं करत होती.

सिंहभूमला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एकामागून एक कंपन्या आल्या आणि गेल्या. यश आलं ते इंडियन कॉपर कॉर्पोरेशनला. ती 1924 ला स्थापन झाली आणि 1930 मध्ये घाटशिलेजवळ सुवर्णरेखेच्या काठी मऊभांडारला तिची भट्टी चालू झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. ए. डन यांचा पूर्व सिंहभूमच्या खनिजसाठ्यांवरचा ग्रंथ 1937 चा. सिंहभूमच्या धातुकात कॅल्कोपायराइटच्या सोबतीला निकेलची बारीक खनिजं आहेत, सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखू न येणारी. पुढे मऊभांडारला तांब्याबरोबर निकेल सल्फेटही निघू लागलं.

मलाजखंड आपल्याला जवळचं. गोंदियाच्या पलीकडे बालाघाट, तिथून बैहरच्या बाजूला. 1982 मध्ये हिंदुस्तान कॉपरची ही उघडी खाण सुरू झाली. मूळचं धातुक सुमारे 249 कोटी वर्षांपूर्वीचं, हे त्यातल्या मॉलिब्डेनाइटच्या रेनियम-ऑस्मियम पद्धतीच्या वयावरून कळतं. खाली क्वार्ट्झमध्ये कॅल्कोपायराइट आणि पायराइट. वर मात्र हिरवं मॅलाकाइट, निळं अ‍ॅझुराइट आणि त्याखाली कॅल्कोसाइट, कोव्हेलाइट. म्हणजे ब्यूटच्या वादातला वरचा अंक इथेही घडलेला आहे. आणि वरची साय काढून झाली की कुठल्याही खाणीला करावं लागतं तेच मलाजखंडलाही करावं लागलं. ती उघड्या खड्ड्यातून जमिनीखालच्या खाणकामाकडे वळली.

यातली व्यवहाराची बाजू सांगतो. आपल्या धातुकांत तांबं शंभर किलोमागे एखादा किलो. दगड दळून, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून तांब्याची खनिजं फेसाबरोबर वर काढतात. किती बारीक दळायचं हे खनिजांचे कण एकमेकांत किती गुंतलेत त्यावर ठरतं. जाड दळलं तर तांबं दगडाला चिकटून टाकाऊ गाळात जातं. फार बारीक दळलं तर वीज वाया, आणि मऊ कॅल्कोसाइटचा चिखल होऊन तेही गाळात जातं. आणखी एक फसवणूक असते. पायराइटच्या कणावर कोव्हेलाइटचा केसाएवढाही जाड नसलेला निळा पापुद्रा बसलेला असतो. फेसाला तो कण तांब्याचाच वाटतो आणि तो वर येतो. सांद्रित माल भरपूर दिसतो, पण त्यात लोखंडच जास्त. रासायनिक अहवाल सांगतो की तांबं कमी झालं. का कमी झालं ते निळा पापुद्रा बघितल्याशिवाय कळत नाही.

माझे बारा तुकडे

आता माझी चूक.

माझ्याकडे खोल छिद्रांतून काढलेल्या दगडी दांड्यांचे, म्हणजे कोअरचे, बारा तुकडे आले होते. समृद्ध थर कुठे संपतो ते सांगायचं होतं. बारापैकी चार तुकडे बरेच खालचे, आणि चौघांतही कॅल्कोसाइट. ब्यूटची गोष्ट मी नुकतीच वाचलेली. डोक्यात सेल्स, ग्रॅटन, मर्डॉक. मी अहवालात लिहिलं, की खोलीवर मूळचं कॅल्कोसाइट आहे आणि समृद्ध धातुक खाली चालू राहण्याची शक्यता आहे. लिहिताना छाती फुगली होती, हे कबूल करतो. त्याच उत्साहात टपरीवर ‘भरपूर’ म्हणून आलो होतो.

आमच्या विभागाचे प्रमुख फार बोलत नसत. अहवाल वाचून त्यांनी एवढंच विचारलं, “कडा कशा आहेत?” मी म्हणालो, “गुळगुळीत वाटतात.” ते म्हणाले, “वाटतात?”

मी खाली झिलईच्या खोलीत गेलो. तिथे काप करणारे एक मामा होते, भंडाऱ्याकडचे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. तीस वर्षं हेच काम. भूविज्ञानाची पदवी नाही, पण बोटांना दगड कळायचा. त्यांना म्हटलं, हे चार पुन्हा घोटून द्या. त्यांनी तुकडे हातात घेतले आणि म्हणाले, “साहेब, हे तर भेगेचे तुकडे होते. कापतानी हातातच फुटून राहिले होते. भेगेत तांबूस डाग होता. मले वाटलं तुमाले माईत असन.”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. नमुने भरणाऱ्याने जिथे दांडा आधीच मोडलेला होता, तिथून तुकडे उचलले होते, कारण तिथून उचलणं सोपं. आणि जिथे दांडा मोडतो, तिथे भेग असते. भेग असते तिथून पाणी खाली जातं.

पुढचे तीन आठवडे मी आणि मामांनी अखंड दांड्यातून नवे काप केले. एकूण एक्केचाळीस. अखंड दगडात खाली कॅल्कोपायराइट आणि पायराइट, दुसरं काही नाही. कॅल्कोसाइट दिसे ते फक्त भेगांच्या कडेला, आणि तेलात बुडवून मोठ्या भिंगाखाली बघितलं तर त्याच्या आत पिवळ्या कॅल्कोपायराइटची बेटं, भोवती कोव्हेलाइटची बारीक कड. फेरफाराची नोंद स्पष्ट होती. पहिल्या वेळी मी ती कमी मोठ्या भिंगाखाली, बरी नसलेल्या झिलईवर आणि आधीच ठरवलेलं उत्तर मनात धरून बघितली होती.

मी अहवाल मागे घेतला आणि दुसरा लिहिला. खोलीवरच्या धातुकाचा अंदाज खाली आणावा लागला. दळण्याचं वेळापत्रक कॅल्कोपायराइटला धरून नव्याने आखलं गेलं. खाण त्यामुळे बंद पडली नाही. पण पहिला अहवाल तसाच गेला असता, तर खोल भाग आहे त्याहून श्रीमंत समजून त्यावर पैसा लावला गेला असता, आणि तूट दिसली असती तेव्हा सर्वांत आधी ठेकेदाराची माणसं कमी झाली असती.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. जी रसायनं कॅल्कोसाइट बनवतात, तीच खाण सोडून दिल्यावरही थांबत नाहीत. ब्यूटला 1955 पासून बर्कली पिट ही प्रचंड उघडी खाण चालली, ती 1982 मध्ये बंद झाली. पंप थांबले, खड्डा पाण्याने भरत गेला. पायराइट सडतंच राहिलं, पाणी आम्लाचं आणि धातूंचं झालं. 1995 मध्ये तिथे उतरलेले शेकडो हिमहंस मेले. ज्या पाण्याने हजारो घरांची चूल पेटवली, तेच हे पाणी. आपल्याकडच्या सल्फाइडच्या ढिगाऱ्यांपाशी उभं राहतानाही हे विसरता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी इंदूरला असाल, कुणी रायपूरला, बडोद्याला, हैदराबादला. कुणाची मुलं भूविज्ञान शिकत असतील. त्यांना माझ्या वतीने एवढंच सांगा, की भिंगाला डोळा लावण्याआधी तो तुकडा कुणी, कुठून आणि का उचलला ते विचारा. आणि ज्यांनी तो कापला, त्यांच्याशी दोन शब्द बोला.

दुसरा अहवाल दिल्यावर मी टपरीवर गेलो. म्हटलं, “काका, त्या दिवशी मी उगाच भरपूर म्हणालो. वरची साय संपत आलीय. खाली दूध आहे, पण पातळ आहे. काढायला मेहनत जास्त लागणार.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पोराला दुसरं काहीतरी शिकवून ठेवू म्हणता.” मी हो म्हणालो. पुढच्या जूनमध्ये तो मुलगा बालाघाटला आय.टी.आय. मध्ये इलेक्ट्रिशियनच्या शाखेला गेला. म्हणजे शेवटी तांब्याच्याच तारा.